एक दिवसाच्या ट्रेकला जाताना सॅकमध्ये काय काय हवं?

तुम्ही लिहिलंय की वाट जाऊन-येऊन १२ किलोमीटरची आहे, चढ ९०० मीटर, आणि सोबतचा मित्र म्हणतोय की पाण्याची एक बाटली आणि मोबाईल एवढं पुरे. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर कदाचित पुरेलही. पण मी सॅक भरते ती ठरलेल्या वेळेनंतरच्या तासांसाठी. कुणाचा पाय मुरगळला, वाट चुकली, अंधार पडला, तर हातातल्या सामानावर किती वेळ निभावेल, हा प्रश्न आधी विचारा. मग यादी आपोआप बनते.

म्हणून पहिल्यांदा वेळ काढा. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला आडाखा अजून वापरला जातो: ताशी ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. तुमच्या वाटेला हा हिशोब चार तासांच्या आसपास येतो, पण तो सवयीच्या चालणाऱ्याचा आणि कुठेही न थांबता. पहिल्याच ट्रेकला सहा तास धरा, आणि सामान नऊ तासांचं घ्या.

सगळ्यात जास्त विचार पाण्याचा करा. बेताच्या हवेत, बेताच्या चालीला ताशी साधारण अर्धा लिटर लागतं. कडक उन्हात चढताना ते दुपटीवर जाऊ शकतं. म्हणजे चालीच्या सहा तासांनाच किमान तीन लिटर, आणि तीन लिटर म्हणजे तीन किलो. ओझं कमी करायचं म्हटलं की लोक पहिली कात्री इथेच लावतात, आणि नेमकी इथेच लावू नये. वाटेत वाहतं पाणी आहे अशी पक्की खात्री असेल तर थोडं कमी चालेल, पण मग पाणी शुद्ध करायच्या गोळ्या हव्यात. क्लोरीनच्या गोळीला साधारण अर्धा तास द्यावा लागतो; पाणी गार किंवा गढूळ असेल तर जास्त. पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ थांबाच.

घामातून मीठही जातं. तासन् तास घाम गाळून वर नुसतं साधं पाणी खूप प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं. पाणी कमी पडल्यावरही असंच होतं, म्हणून माणूस आणखी पाणी पितो आणि जास्त बिघडतं. तेव्हा ओआरएसची दोन पाकिटं आणि काहीतरी खारट खायला ठेवा. खाण्याबद्दल एवढंच सांगेन की जेवणापेक्षा थोडं जास्त घ्या, आणि थांबून चूल न मांडता, हातात धरून खाता येईल असं घ्या.

उजेड. मोबाईलचा टॉर्च हा टॉर्च धरू नका. त्यात एक हात अडकतो आणि मदत मागायला लागणारी बॅटरी संपते. डोक्याला लावायचा टॉर्च घ्या, घरीच लावून बघा, जादा सेल ठेवा. दुपारी परतायचं असलं तरीही घ्या.

ऊब हा विषय नवख्या माणसाला पटायला वेळ लागतो, कारण चालताना उकडतच असतं. पण दर हजार मीटर चढाला हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, वर वारा असतो, आणि अंगातली उष्णता चाल थांबली की झपाट्याने कमी होते. घामाने भिजलेला सुती टी-शर्ट घालून, पाय दुखावून तासभर बसलेल्या माणसाला कुडकुडायला बर्फ लागत नाही. अंगात सुती नको, लवकर वाळणारं कापड बरं. सॅकमध्ये एक कोरडा शर्ट, वारा-पाऊस अडवणारं जॅकेट आणि चंदेरी फॉइलचं घडीचं ब्लँकेट ठेवा. ब्लँकेट मुठीएवढं असतं, वजन जाणवतसुद्धा नाही.

मोबाईलमध्ये नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. जीपीएस फक्त उपग्रहांचे संदेश ऐकतं, त्यामुळे रेंज नसतानाही चालतं. छोटी पॉवर बँक घ्या. गळ्यात शिट्टी असू द्या. ओरडण्यापेक्षा तिचा आवाज लांब जातो आणि घसा बसत नाही. आल्प्समध्ये रूढ असलेली मदतीची खूण अशी: एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं.

बूट पायात मुरलेले हवेत, नवे कोरे नकोत. टाच चुरचुरायला लागली की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावा; फोड आल्यावर लावून फार उपयोग नाही. मोज्यांचा जादा जोड, क्रेप बँडेज, तुमची रोजची औषधं, टोपी, सनस्क्रीन. याबद्दल जास्त सांगायला नको.

हे सगळं २० ते २५ लिटरच्या सॅकमध्ये बसतं. जड वस्तू पाठीलगत, मधल्या उंचीवर. आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी लावून सामान तिच्यात भरा, कारण वरच्या रेनकव्हरखालून पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच.

दोघं आहात म्हणून सामान वाटून घ्यायचा मोह होईल. प्रथमोपचाराचं वाटा, पॉवर बँक वाटा. पाणी, टॉर्च आणि जॅकेट मात्र ज्याचं त्याच्याकडे हवं, कारण चुकामूक झाली तर वाटलेलं सामान एकाकडेच राहतं.

आणि निघण्याआधी घरच्या एकाला मेसेज करून ठेवा: कुठली वाट, सोबत कोण, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची.