पेट्रोल पंपाजवळच्या विहिरीचा नमुना घेताना
पेट्रोल पाण्यावर तरंगते. म्हणून निरीक्षण विहिरीतील (भूजल तपासण्यासाठी खोदलेल्या विहिरीतील) पाइपाचा पाणी आत घेणारा जाळीदार भाग उन्हाळ्यातील आणि पावसाळ्यानंतरच्या अशा दोन्ही जलपातळ्यांना पुरतो ना, हे आपण आधी तपासावे. पेट्रोलमधील बेंझिन हे विषारी रसायन चटकन उडून जाते, त्यामुळे 40 मिलीलिटरची काचेची कुपी पाणी न खळखळवता काठोकाठ भरावी, झाकण लावून उलटी करावी आणि एकही बुडबुडा दिसला तर नव्या कुपीत नमुना पुन्हा घ्यावा. कुप्या लगेच बर्फात ठेवाव्यात. वास येत नाही म्हणून पाणी शुद्ध मानू नये. पिण्याच्या पाण्यातील बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला केवळ 0.01 मिलिग्रॅम आहे, ती नाकाला कळत नाही. आपल्याकडे बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या खडकात, पाणी भेगांतून वाहते, त्यामुळे एक विहीर स्वच्छ निघाली, तरी आसपासच्या वापरातील विहिरी तपासल्याशिवाय मी तरी निर्वाळा देणार नाही.