आधी चाल बांधा, आणि 'टपटप' टाळा

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एका शैक्षणिक वाहिनीसाठी पाढे आणि अंकांची नावं शिकवणारी तीन-तीन मिनिटांची दहा मराठी ॲनिमेटेड गाणी करायची आहेत. भाऊ ॲनिमेशन करतो, शब्द तुम्ही लिहिणार. प्रश्न तीन. चित्रं आधी की गाणं? मुलांच्या तोंडी बसलेल्या इंग्रजी-हिंदी चालींवर मराठी शब्द घातले तर? आणि मूल खरंच शिकलं की नुसतं गातंय, हे कळायचं कसं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. अंधेरीतल्या एका छोट्या स्टुडिओत इन-बिटवीनर, म्हणजे दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणारा, म्हणून लागलो, तेव्हा अजून पारदर्शक सेलवर हाताने रंग भरायचे दिवस होते. पुढे चार पैसे गाठीशी आल्यावर आम्ही तिघांनी मिळून एका संस्थेसाठी जलचक्रावर गाणं केलं. चित्रं देखणी होती, आजही म्हणेन. ध्रुवपद होतं 'टपटप टुपटुप'. बाष्पीभवन, सांद्रीभवन वगैरे मंडळी अंतऱ्यात कोंबली होती, विरारच्या डब्यात कोंबतात तशी. परळमधल्या एका शाळेत दाखवलं. पोरांनी दुसऱ्याच खेपेला ध्रुवपद उचललं, बाक वाजवले, बाई खूश, आम्ही खूश. निघताना मी सहज विचारलं, "मग पाणी वर कसं जातं रे?" पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "मोटरने."

बरोबरच होतं त्याचं. चाळीत पाणी मोटरनेच गच्चीवरच्या टाकीत चढतं, आणि आमच्या गाण्याने त्याला दुसरं काही सांगितलंच नव्हतं. गाण्यातली सगळ्यात मोक्याची जागा, म्हणजे मुखड्याची सम, तालातली पहिली, ठासून येणारी मात्रा, आम्ही 'टपटप'ला देऊन बसलो होतो. मूल समेवरचा शब्द घरी नेतं. बाकीचे शब्द त्याच्यासाठी तबल्याचे बोल. तुमच्या दहाही गाण्यांना लागू पडेल अशी माझ्याकडे ही एकच गोष्ट आहे: जो शब्द, जो आकडा शिकवायचाय तो समेवर बसला पाहिजे, आणि तो बसत नसेल तर चाल बदला, शब्द नाही.

अमेरिकेत 'स्कूलहाउस रॉक' ही शिकवणाऱ्या ॲनिमेटेड गाण्यांची मालिका झाली, तिची सुरुवात तुमच्यासारख्याच कुरकुरीतून झाली. डेव्हिड मॅकॉल नावाच्या जाहिरातवाल्याच्या लक्षात आलं, की आपल्या पोराला रॉकची गाणी तोंडपाठ आहेत आणि पाढे मात्र येत नाहीत. मग पाढ्यांचीच गाणी करू, असं ठरलं. जॅझ पियानोवादक बॉब डोरो याने तीनच्या पाढ्याचं गाणं बांधलं. ते ऐकता ऐकता एजन्सीतल्या टॉम योही या कला दिग्दर्शकाने कागदावर चित्रं काढायला घेतली, आणि तिथून ते टीव्हीवर गेलं. 1973 च्या जानेवारीपासून एबीसी वाहिनीवर शनिवारी सकाळी, मोठ्या कार्यक्रमांच्या मधल्या फटीत, तीन-तीन मिनिटं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं: आधी गाणं, मग चित्र.

डोरोच्या त्या गाण्यातली एक गोष्ट मात्र नीट बघा. तीनचा पाढा तिसापर्यंत चढतो आणि मग तीन दाहेपासून उलटा खालीही येतो. पाढ्याचं खरं दुखणं त्याला कळलं होतं. आपल्याकडे 'सात सक किती?' विचारलं की मूल मनातल्या मनात 'सात एके सात'पासून जिना चढायला लागतं. मधल्या पायरीवर थेट उडी मारता येत नाही, कारण पाढा त्याने साखळीसारखा पाठ केलेला असतो. गाण्याने ही सवय आणखी घट्ट होते, हे लक्षात ठेवा. म्हणून सरळ म्हणून झाला की उलटा म्हणा, आणि तिसऱ्या फेरीत उत्तराच्या मात्रा मोकळ्या सोडा. 'सात सक', आणि पुढे फक्त तबला. घरात बसलेलं पोर 'बेचाळीस' ओरडलं की शिकलं. गप्प राहिलं तर तेही कळतं.

आता चालींबद्दल. उसन्या चालीला माझा साफ विरोध आहे, आणि त्यात भाषाभिमान वगैरे काही नाही. इंग्रजी मुळाक्षरांचं गाणं घ्या. त्या चालीत एल-एम-एन-ओ-पी ही पाच अक्षरं इतकी घाईत उरकतात, की कित्येक मुलांना 'एलेमेनो' हे एकच अक्षर वाटतं. म्हणजे त्यांच्याच भाषेत त्यांचीच चाल अशी घोटाळा करते, तर ती मराठीवर चढवल्यावर काय होईल? आपल्या ऱ्हस्व-दीर्घाची वाट लागेल. याउलट आपली व्यंजनं बघा, काय सोय करून ठेवलीय! क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, पाच-पाचांच्या रांगा. पाच अक्षरं आणि एक मात्रा श्वासाला, झाला सहा मात्रांचा दादरा. प्रत्येक वर्गाचं पहिलं अक्षर आपोआप समेवर. यासाठी वेगळा संगीतकारही लागणार नाही.

पाढ्यांचंही तेच. एके, दुणे, त्रिक, चोक ही रूपं तोंडाने घोकून घोकून गुळगुळीत झालेली आहेत. कुठे 'सक' म्हणतात कुठे 'सख', कुठे 'पाचा' कुठे 'पंचे'. ज्या शाळांत तुम्ही दाखवणार तिथे काय म्हणतात ते आधी जाऊन ऐका, नाहीतर बाई वर्गात एक म्हणणार आणि टीव्ही दुसरं. 'तीन गुणिले चार बरोबर बारा' असलं काही गाण्यात आणू नका. 'तीन चोक बारा' हे आधीच गाणं आहे.

मात्रांत बसत नाही म्हणून शब्द गाळण्याचा मोह तर हमखास होतो. त्याच अमेरिकी मालिकेत पुढे त्यांच्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकाचं गाणं झालं. 'आम्ही लोक'च्या पुढचे 'अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे' एवढे शब्द चालीसाठी गाळले, बाकी सगळं जसंच्या तसं. गाण्यावरून पाठ केलेल्या मुलाला परीक्षेत नेमके तेच शब्द सापडणार नाहीत. गाणं जे देतं ते पक्कं देतं, हे खरं, पण जे खातं तेही पक्कंच खातं.

आपल्या घरचं उदाहरण तुम्हाला माहीत असेलच, 'एक अनेक और एकता' ही छोटी ॲनिमेटेड फिल्म. 1974 चं, पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजनचं. विजया मुळे यांनी केलेलं, ॲनिमेशन भीमसैन यांचं, संगीत वसंत देसाईंचं, आणि आवाज तेव्हा लहान असलेल्या साधना सरगमचा. हिंदी असलं तरी यात मराठी हात किती आहेत बघा. आता सगळे त्याच्या एकतेबद्दल गहिवरतात. मला त्याची पहिली दोनेक मिनिटं जास्त महत्त्वाची वाटतात. तिथे देशाचा विषयही निघालेला नसतो. 'अनेक' म्हणजे काय, एवढा एकच शब्द चाललेला असतो. सूर्य एक, चंद्र एक, तारे मात्र अनेक. चित्रात तेच, तेवढंच. तो शब्द मुलाच्या हातात पक्का बसल्यावरच जाळ्यात अडकलेली पाखरं आणि जाळं कुरतडणारे उंदीर येतात. आम्ही जलचक्राच्या पहिल्याच ओळीत ढग, समुद्र, डोंगर, बेडूक आणि छत्री घातली होती.

वसंत देसाईंना लहान मुलांचा गळा कळायचा. 'गुड्डी'तली त्यांची प्रार्थना आजही कितीतरी शाळांत म्हणतात. उड्या मारणाऱ्या ताना नाहीत, दम लागेल अशा लांब ओळी नाहीत. तुम्हीही पाच-सहा सुरांत राहा. गायिकेला हौस असतेच, तिला आवरा.

भावासाठी थोडं तांत्रिक. ट्रॅक आधी पक्का रेकॉर्ड करा आणि मगच बार शीट भरायला घ्या: कुठलं अक्षर कुठल्या फ्रेमवर पडतं ते. आपल्या टीव्हीला सेकंदाला 25 फ्रेम. संगीतवाले सवयीने मिनिटाला 120 ठोक्यांची लय धरतात. तिथे एक ठोका साडेबारा फ्रेमचा होतो, आणि अर्धी फ्रेम कुठून आणणार? दोन-चार ठोक्यांनंतर टाळी आणि चित्र यांची फारकत दिसायला लागते. 125 ची लय घ्या, ठोक्याला बरोबर 12 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर ठोक्याला सहा चित्रं, हिशोब सुटसुटीत. लहानग्यांना ती घाईची वाटली तर ठोक्याला 16 फ्रेम धरा, म्हणजे मिनिटाला 94 च्या आसपास. तीन मिनिटांचे 4500 फ्रेम होतात, दोन-दोनवर काढलं तरी 2250 चित्रं. संगणक मधली चित्रं भरून देतो हे मला ठाऊक आहे. तरी गाणं पक्कं व्हायच्या आत कामाला लागू नका. नंतर एक ओळ बदलली की काय होतं ते आमच्या लग्नाळू वयातल्या रात्रींना विचारा.

आणि आकडा समेवर येतो त्या क्षणी चित्रातलं बाकी सगळं थांबवा. मागे कावळा उडत असेल तर त्यालाही बसवा. एका वेळी डोळा एकच गोष्ट धरतो.

अंकांच्या नावांबद्दल. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीससाठी 'वीस पाच' आलं आणि केवढा गदारोळ झाला, आठवतं? गणितज्ञ मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. त्यांच्यावर विनोद करणारे बहुतेक जण ज्या मुलांसाठी हे चाललंय त्यांच्या शेजारी कधी बसले नसावेत. अडचण खरी आहे. त्रेचाळीस म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना चार आधी लागतो. मूल 34 लिहितं ते बावळट म्हणून नाही, कानाने जे ऐकलं ते हाताने लिहितं म्हणून. मी स्वतः त्रेचाळीस सोडणार नाही, तो माझ्या जिभेवरचा शब्द आहे. पण तुमच्या गाण्यात दोन्ही असू द्या: चित्रात आधी चाळीसची रास, मग तीन सुटे, आणि वरून आवाज 'चाळीस नि तीन, त्रेचाळीस'. समेवर त्रेचाळीस.

एकोणतीस, एकोणचाळीस यांना वेगळं गाणं द्याच. 'एकोण' म्हणजे एक उणे, हे मोठ्यांनाही थांबून आठवावं लागतं. माझ्या डोक्यात बरीच वर्षं एक चित्र आहे, ते तुम्हाला देऊन टाकतो. चर्चगेट स्टेशनबाहेर डबेवाल्याची लाकडी पाटी. चाळीस डबे हवेत, एक आलाच नाही. रिकामी जागा दिसतेय. 'एक उणे चाळीस, एकोणचाळीस.' धावत कुणीतरी डबा आणून ठेवतो, चाळीस! मग वीस, तीस, पन्नास करत नव्वदपर्यंत तीच गंमत, एकोणनव्वदपर्यंत नियम चालतो. नव्व्याण्णवला मात्र तो मोडतो, तिथे डबेवाल्याने डोकं खाजवायचं. मुलांना नियम मोडलेला भारी आवडतो.

परीक्षा कशी घ्यायची? 'सेसमी स्ट्रीट' हा लहान मुलांचा अमेरिकी टीव्ही कार्यक्रम सुरू व्हायच्या सुमारास, 1969 च्या आगेमागे, एडवर्ड पामर या संशोधकाने साधी युक्ती काढली होती. मुलापुढे टीव्ही आणि बाजूला स्लाइड प्रोजेक्टर, त्यावर थोड्या थोड्या वेळाने नवं चित्र. मूल टीव्हीवरून नजर कधी काढतं ते टिपत बसायचं. तुम्ही बाजूला दुसऱ्या मोबाइलवर फोटो फिरते ठेवा आणि वही घेऊन बसा. नेमक्या कुठल्या ओळीला मान वळते ते दिसेल. दुसऱ्या दिवशी टीव्ही बंद ठेवून, चाल न लावता, आकडे मधूनच विचारा. चालीत विचारलंत तर चालच उत्तर देईल, मूल नाही.

राहिलं वाहिनीचं. त्यांना दहाही गाणी एका अर्ध्या तासात सलग हवी असतील, बहुतेक हवीच असतात. नाही म्हणा. एक गाणं आठवडाभर, दिवसातून चार-पाच वेळा, दोन कार्यक्रमांच्या मधे लावा म्हणावं. मूल दुसरंच काहीतरी बघायला बसलेलं असताना हे मधे येऊन जायला हवं. एजन्सीवाले साबण असाच विकतात. हे करारात लिहून घ्या, तोंडी कबूल केलेलं नंतर कुणाला आठवत नाही.

डबेवाल्याची चाल बांधून झाली की आधी फोनवर नुसती गाऊन रेकॉर्ड करा आणि इथे टाका. पेटीही नको, टाळी पुरे. भावाला तोवर पेन्सिल खाली ठेवायला सांगा.