नस ‘ब्लॉक’ करायची की बधिर?

दादरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. आईच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलंय. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, नंतर दुखू नये म्हणून नर्व्ह ब्लॉक देऊ. घरी “नस ब्लॉक करणार” असं सांगताच आई घाबरली. याला मराठीत काय म्हणावं? ‘चेतारोध’ चालेल का?

आईंचं घाबरणं अगदी रास्त आहे. आपल्याकडे नस काय, शीर काय, रक्ताचीही असते आणि संवेदनेचीही. सलाइन लावताना सापडत नाही ती शीर रक्ताची, मणक्यात दबते ती नस संवेदनेची. सोबतच्या क्रियापदावरून आपण ओळखतो. पण ‘नस ब्लॉक’ म्हटलं की मुंबईत कुणालाही अँजिओप्लास्टीच आठवते. खरं तर इथला ब्लॉक रविवारच्या मेगाब्लॉकच्या जातीचा आहे. ठरावीक तास वाहतूक बंद, मग पूर्ववत.

शाळेच्या पुस्तकात चेतापेशी, चेतासंस्था आहेत, तेव्हा ‘चेतारोध’ची घडण चोख आहे. संमतिपत्रावर जरूर छापा. खाटेशी बसून मात्र तो बोलवत नाही.

‘भूल’ही नको. भूल म्हणजे माणूस भानावर नसणं. (‘अर्धी भूल’ म्हणतात त्यात माणूस जागा असतो, पण तो शब्द आता कमरेखालच्या भुलीसाठी रुळलाय.) मॉर्फिनसारख्या औषधांनी येते ती गुंगी, सोबत मळमळही. ब्लॉक द्यायचा तो ही औषधं कमी लागावीत म्हणूनच.

मला इथे ‘बधिर’ फार आवडतो. संस्कृतात बधिर म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो. त्याचाच झिजून ‘बहिरा’ झाला आणि कानापाशी राहिला. मूळ बधिर मराठीत त्वचेकडे, दाताकडे वळला. दाढ काढताना “जागा बधिर करतो” हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. नसेला दुखण्याची हाक ऐकू न येणं, इतका नेमका शब्द हाताशी असताना नवा कशाला घडवायचा?

मणक्याच्या ऑपरेशनला वापरतात त्यांतला एक ब्लॉक २०१६ साली प्रथम मांडला गेला, इरेक्टर स्पायनी प्लेन ब्लॉक. यातल्या ‘इरेक्टर स्पायनी’ या लॅटिन नावाचा अर्थ ‘कणा ताठ करणारा’. पाठीच्या त्या लांब स्नायूंखाली, सोनोग्राफीत सुई बघत, बुपिव्हाकेनसारखं औषध सोडतात. ते पसरतं आणि पाठीकडे येणाऱ्या नसा बधिर होतात. पायात उतरणारी जुनी कळ हा त्याचा विषय नाही. तो जखमेचा ठणका थोपवतो. कळ आणि ठणका हे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत, ते सिस्टरना सांगताना आवर्जून वापरा.

आईंना एवढंच सांगा: “आई, पाठीत इंजेक्शन देऊन तिथल्या नसा काही तास बधिर करणार आहेत. असर उतरायला लागला की ठणका वाढेल, तेव्हा सोसत बसू नकोस, लगेच सांग.”