‘कामापुरता मामा’ वाटेल म्हणून न पाठवलेला मेसेज

अनघा माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा आली तेव्हा बसल्या बसल्या तिने पर्समधून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही. हे लिहायला तिची परवानगी आहे.) आदल्या आठवड्यात बालेवाडीच्या एका हॉटेलात दिवसभराचा कार्यक्रम झाला होता. तंत्रज्ञान क्षेत्रात मोठ्या पदांवर असलेल्या पाच जणी आपल्या करिअरमधून काय शिकल्या ते सांगणार होत्या. अनघाला कंपनीनेच पाठवलं होतं. वहीत सुबक अक्षरात टिपणं होती : ‘मागायला शिका.’ ‘हात वर करा.’ ‘दर महिन्याला नव्या ओळखी करा.’ ‘आपलं काम आपणच बोलून दाखवा.’ शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

“ताई, यातलं सगळं मला पटतं. पण दुपारच्या चहाला सगळ्या जणी भराभर एकमेकींशी बोलायला लागल्या आणि मी कप हातात धरून खिडकीशी उभी राहिले. मग वॉशरूममध्ये जाऊन दहा मिनिटं बसले. मग कॅब बोलावली आणि घरी आले. एक्केचाळीस वर्षांची बाई मी.”

शेवटचं वाक्य म्हणताना तिचा आवाज फुटला.

अशी तक्रार माझ्याकडे वर्षभरात बऱ्याच वेळा येते. यशस्वी स्त्रियांचं बोलणं ऐकून उभारी यायची सोडून ‘आपण कमी पडतोय’ हेच आणखी घट्ट होतं. ‘नेटवर्किंग’ म्हटलं की डोळ्यांसमोर पुढेपुढे करणारी, साहेबाच्या मागेपुढे घुटमळणारी माणसं येतात, आणि ‘आपल्याला ते जमणार नाही’ म्हणून विषय मिटतो. म्हणूनच अनघाची गोष्ट जरा सविस्तर सांगते आहे.

सांगली जिल्ह्यातल्या छोट्या गावातून आलेली इंजिनिअर. सतरा वर्षांचा अनुभव, मध्ये सासऱ्यांचं आजारपण आणि धाकटीचा जन्म यांत दोन वर्षांचा खंड. हिंजवडीतल्या एका कंपनीत पेमेंट सिस्टीमचं काम, हाताखाली नऊ जण. त्या वर्षी प्रमोशन तिच्यापेक्षा पाच वर्षांनी ज्युनिअर असलेल्या सहकाऱ्याला मिळालं. मॅनेजरने कारण सांगितलं, “काम उत्तमच आहे, व्हिजिबिलिटी कमी पडते.” आता या वाक्याचं माणसाने करायचं काय? तिने इंटरनेटवर शोधलं आणि स्वतःचं निदान करून टाकलं : “मला इम्पोस्टर सिंड्रोम आहे.”

हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे आणि मला त्याची काळजी वाटते. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांबरोबरच्या कामातून ही कल्पना मांडली. त्यांनी तिला ‘सिंड्रोम’ म्हटलंच नव्हतं, ‘फिनॉमेनन’ म्हटलं होतं. म्हणजे एक अनुभव, आजार नव्हे. आणि त्या अनुभवाची खूण अशी की यश मिळूनही माणसाला ते आपलं वाटत नाही. मी अनघाला विचारलं, “तुमचं काम चांगलं आहे याबद्दल तुम्हाला स्वतःला शंका आहे?”

ती क्षणभर थांबली. “नाही हो. सिस्टीम पडली की रात्री दोनला मलाच उठवतात.”

मग हा तो प्रश्न नव्हे. तिला स्वतःच्या कामाची लाज वाटत नव्हती, माणसांना हाक मारायची लाज वाटत होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची वाटही वेगळी आहे.

वॉशरूमची गोष्ट तिला फार लागली होती, म्हणून मी तिला एक खरी हकिकत सांगितली. १९८७ साली अमेरिकेत ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या एका परिषदेला अनिता बोर्ग नावाच्या संगणकतज्ज्ञ गेल्या होत्या. तिथे स्त्रिया इतक्या कमी होत्या की वॉशरूममध्ये पाच-सहा जणी एकदम दिसल्या तेव्हा त्यावरूनच बोलणं सुरू झालं. रात्री एकत्र जेवायचं ठरलं, ईमेलचे पत्ते घेतले गेले, आणि त्यातून ‘सिस्टर्स’ हा ईमेलवर एकमेकींना धरून राहणाऱ्या स्त्रियांचा गट उभा राहिला. पुढे १९९४ मध्ये याच बोर्ग यांनी टेली व्हिटनी यांच्याबरोबर ग्रेस हॉपर या संगणकक्षेत्रातल्या आद्य तज्ज्ञ स्त्रीच्या नावाने स्त्री-संगणकतज्ज्ञांची परिषद सुरू केली. भारतातही ती २०१० पासून भरू लागली.

अनघा पहिल्यांदा हसली. “म्हणजे मी योग्य जागी गेले होते, फक्त दार आतून लावून घेतलं.”

तिसऱ्या भेटीत मूळ मुद्दा हाती लागला. मी तिला कोरा कागद दिला आणि म्हटलं, कामाच्या निमित्ताने आयुष्यात आलेली जी माणसं तुमच्याबद्दल चांगलं बोलतील असं वाटतं, त्यांची नावं लिहा. अकरा नावं झाली. त्यातल्या आठ जणांशी गेल्या दोन-तीन वर्षांत एक अक्षरही बोलणं नव्हतं. सगळ्यात वर नाव होतं तिच्या पहिल्या कंपनीतल्या लीडचं, म्हणजे टीमप्रमुख बाईंचं. आता त्या दुसरीकडे फार मोठ्या पदावर आहेत. २०१३ पर्यंत दोघी एकत्र होत्या, नंतर दिवाळीच्या शुभेच्छा, आणि गेली सहा वर्षं तेही नाही.

“यांना मेसेज का नाही केलात?”

“आता कुठल्या तोंडाने करू? कामापुरता मामा, ताकापुरती आजी, असंच म्हणतील. आमच्या आईने शेजारची वाटी कधी रिकामी परत पाठवली नाही, ताई. आणि मी सहा वर्षांनी हात पसरून जाऊ?”

हे वाक्य मी माझ्या नोंदीत जसंच्या तसं लिहून घेतलं. मोठ्या पदावरच्या स्त्रिया व्यासपीठावरून ‘मागा’ म्हणतात, ते खरंच असतं. पण ज्या घरात उसनी साखर आणली तर वाटी भरून परत करायची हा संस्कार असतो, तिथल्या मुलीला ‘मागा’ हा शब्द ऐकू येताना ‘लाज सोडा’ असाच ऐकू येतो. तो संस्कार चांगलाच आहे. मला तो तिच्याकडून काढून घ्यायचा नव्हता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांना परकी नाही. तिच्या अंगाने आम्ही अनघाचं म्हणणं तपासलं. ‘त्यांनी मला स्वार्थी समजू नये’ ही इच्छा झाली. ‘त्यांनी मला स्वार्थी समजता कामाच नये, समजलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही’ हा हट्ट झाला. इच्छा घेऊन मेसेज करता येतो, हट्ट घेऊन करता येत नाही. मग मी विचारलं, गेल्या वर्षभरात तुम्हाला असं मध्येच कोणी काही विचारलं होतं का? तिला लगेच आठवलं. तीन वर्षं संपर्कात नसलेल्या एका मुलाने सिस्टीम डिझाइनच्या इंटरव्ह्यूबद्दल विचारलं होतं. तिने रविवारची सकाळ त्याला दिली होती.

“तो तुम्हाला कामापुरता मामा करतोय असं वाटलं?”

“छे! उलट त्याला मी आठवले याचंच बरं वाटलं.” एवढं बोलून ती कागदाकडे बघत राहिली. मीही गप्प राहिले.

इथे एक संशोधन सांगायला हवं, कारण अनघासारख्यांना आकडे लवकर पटतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात ओळखीतून नोकरी मिळवलेल्या व्यावसायिकांना विचारलं की ज्याने ही खबर दिली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता. ‘नेहमी’ म्हणणारे फक्त १६.७ टक्के निघाले. ५५.६ टक्के ‘अधूनमधून’ आणि २७.८ टक्के ‘क्वचित’. रोजच्या माणसांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. दूरच्या ओळखीकडे दुसऱ्याच वर्तुळातली बातमी असते. त्या अभ्यासात सगळे पुरुष होते, हेही मी तिला सांगितलं. पण सहा वर्षं न बोललेली ओळख मेलेली नसते, असं त्यावरून म्हणता येतं.

घरी मेसेज लिहून आणायचं ठरलं. तिने आणला तो अठरा ओळींचा होता. ‘ओळखलंत की नाही माहीत नाही’पासून सुरुवात, मग सॉरी, सासऱ्यांचं आजारपण, धाकटीचा जन्म, पुन्हा सॉरी, ‘तुम्ही फार बिझी असाल, वेळ नसेल तर अजिबात उत्तर देऊ नका.’

मी विचारलं, “हे वाचून त्यांनी नेमकं काय करायचं?”

तिने वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. मागणी कुठेच नव्हती. अठरा ओळींत फक्त माफी होती, आणि उत्तर न देण्याची परवानगी. समोरच्या माणसाला असा मेसेज जड होतो, कारण आधी समजूत घालावी लागते आणि मग काय हवंय ते ओळखावं लागतं. आम्ही पाऊण तास त्या एका मेसेजवर घालवला. शेवटी असा झाला (गो-लाइव्ह म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष सुरू होणं, लॉग म्हणजे तिने आपोआप ठेवलेल्या नोंदी) :

‘मॅम, मी अनघा. २००९ मध्ये बँकेच्या प्रोजेक्टच्या गो-लाइव्हच्या रात्री तुम्ही मला म्हणाला होतात, आधी लॉग वाच, मग घाबर. मी आजही माझ्या टीमला तेच सांगते. सध्या प्रमोशनच्या बाबतीत अडकले आहे आणि तुमचं मत हवं आहे. येत्या दोन आठवड्यांत वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का?’

लॉगची ती ओळ तिला स्वतःलाच सुचली आणि मला वाटतं, वाटी रिकामी न पाठवण्याचा संस्कार तिथे बरोबर कामी आला. दिलेलं काय झालं, हे देणाऱ्याला कळवणं हीसुद्धा परतफेडच आहे. मॅमना त्या रात्रीचं आपलं वाक्य पंधरा वर्षांनी परत मिळालं.

उत्तर नऊ दिवस आलं नाही. निळ्या टिक्स आल्या होत्या. पाचव्या दिवशी अनघाचा मला फोन : “मेसेज डिलीट करू?” मी नको म्हटलं. त्या नऊ दिवसांत ती जे शिकली ते मेसेज पाठवण्याहून मोठं होतं असं माझं मत आहे. उत्तर न येता ती रोज ऑफिसला गेली, काम केलं, जेवली, झोपली. आभाळ कोसळलं नाही.

दहाव्या दिवशी फोन आला, वीसऐवजी पन्नास मिनिटं चालला. मॅमनी तिला एकच प्रश्न विचारला, “कॅलिब्रेशनच्या खोलीत तुझं नाव कोण घेतं?”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अप्रेझलच्या वेळी मॅनेजर एकत्र बसतात आणि एकेका नावावर चर्चा होते. एका नावाला काही मिनिटंच मिळतात. आपला मॅनेजर बोलतो, पण बाकीच्यांपैकी कोणी ‘हो, मी तिचं काम पाहिलंय’ म्हणालं तर पारडं झुकतं. आपण त्या खोलीत नसतो. अनघाला एकही नाव सांगता आलं नाही. व्यवस्थापनाच्या अभ्यासक हर्मिनिया इबारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली हेच मांडलं होतं : स्त्रियांना सल्ला देणारे भरपूर मिळतात, त्यांच्यासाठी आपला शब्द खर्च करणारे कमी.

म्हणजे व्हिजिबिलिटीचा अर्थ शेवटी तिला बाहेरच्या माणसाकडून कळला. तिच्या मॅनेजरने तो आधीच सांगायला हवा होता, असं मी तिच्यापाशीही म्हटलं. आणि हेही म्हटलं की सगळा दोष आपल्या अंगावर घेऊ नका. तिच्या ऑफिसात खरी बोलणी संध्याकाळी सातनंतर बाहेर जेवायला गेल्यावर होतात, नाहीतर टपरीवर सिगारेटच्या वेळी. मुलीचं पाळणाघर साडेसहाला बंद होतं. हे कुठल्याही आत्मविश्वासाच्या व्यायामाने सुटत नाही. शिवाय टीमच्या मीटिंगची टिपणं, निरोपसमारंभाची वर्गणी, दिवाळीची रांगोळी, नव्या पोरांना रुळवणं, सगळं तिच्याकडे. अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात, मिश्र गटांमध्ये अशी प्रमोशनला उपयोगी नसलेली कामं स्त्रियांनी पुरुषांपेक्षा सुमारे ४८ टक्के जास्त वेळा अंगावर घेतली होती. अनघाने मीटिंगच्या टिपणांची पाळी लावली, दर आठवड्याला वेगळा माणूस. पहिल्या दिवशी तिचे हात थरथरत होते म्हणे. कोणी काही बोललं नाही.

आणखी तीन बदल तिने केले. मॅनेजरच्या वरच्या साहेबांकडे महिन्यातून अर्धा तास मागितला, आणि पेमेंट सिस्टीमचं मोठं मायग्रेशन (जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर नेण्याचं काम) संपलं तेव्हा त्याची माहिती दुसऱ्या दोन टीमसमोर स्वतः सांगितली. आणि गुरुवारी दुपारी चारला कँटीनमध्ये चहा. चारच का, तर लहान मुलं असलेल्या सगळ्यांना तीच वेळ जमते. आधी तिघी होत्या, आता सात जणी आणि दोन पुरुषही येतात.

पुढच्या वर्षीही प्रमोशन मिळालं नाही. कॅलिब्रेशनमध्ये दुसऱ्या टीमच्या मॅनेजरने तिचं नाव घेतलं होतं एवढं तिला कळलं. ती निराश झाली, दोन भेटी आम्ही त्यावरच बोललो. त्यानंतरच्या वर्षी बढती मिळाली. तोवर माझ्याकडे येणं बंद झालं होतं, मेसेजने कळवलं.

मध्यंतरी पुन्हा तिचा फोन आला. मॅमनी मेसेज केला होता : आमच्याकडे पेमेंटचं मायग्रेशन अडलंय, तू ते केलंयस, माझ्या टीमशी तासभर बोलशील का?

“ताई, त्यांनी माझ्याकडे मागितलं,” ती म्हणाली. “आणि मी शनिवार सकाळ अकराची वेळ दिली, धाकटीचा चित्रकलेचा क्लास असतो तेव्हा.”