नागपुरात छपराविना उभी राहणारी कार आठ-नऊ महिने कशी सांभाळावी?

तुम्ही विचारले आहे की, नोकरीसाठी फेब्रुवारीपासून दिवाळीपर्यंत तुम्हाला नागपूरबाहेर राहावे लागणार आहे, पेट्रोलवर चालणारी कार मानेवाडा भागातील घराच्या अंगणात छपराविना उभी राहील, वरच्या मजल्यावरील भाडेकरूंकडे किल्ली देता येईल, तर बाजारातील सर्वांत जाड वॉटरप्रूफ कव्हर घालून ठेवणे पुरेसे होईल का. माझे स्पष्ट मत असे की, ते पुरेसे तर होणार नाहीच, उलट असे कव्हर घालून नऊ महिने गाडीकडे कोणी फिरकले नाही, तर ती उघडी ठेवण्यापेक्षाही जास्त खराब होईल. गाडीला सावली अवश्य हवी, पण ती गाडीला चिकटलेली नको. मधून वारा वाहता राहील इतक्या अंतरावर हवी.

तुम्ही निवडलेला काळ नागपूरच्या हवामानातील सर्वांत कठीण काळ आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारपिटीची भीती असते, एप्रिलपासून ऊन तापू लागते, मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे नेहमीचेच आहे (२०१३ च्या मे महिन्यात तो ४७.९ अंशांवर गेला होता), आणि नवतपा (मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपून काही दिवस होत नाहीत तोच दमट पावसाळा सुरू होतो. हवेचे तापमान ४५ असते तेव्हा उन्हातल्या गाडीचा पत्रा त्याहून पुष्कळ जास्त तापलेला असतो. रंगावरचा जो पारदर्शक थर आपण क्लिअर कोट म्हणून ओळखतो, तो या उन्हातील अतिनील किरणांनी हळूहळू विरत जातो, आणि त्याची सुरुवात नेहमी टपापासून आणि बॉनेटपासून होते, कारण ऊन तिथेच सरळ पडते. हेडलाइटचे प्लास्टिक पिवळे पडते, दारांचे रबर कडक होते आणि वायपरला भेगा जातात. पावसाने स्वच्छ रंगाचे फारसे बिघडत नाही. आपल्याकडे लोक पावसाची धास्ती घेतात आणि उन्हाकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते ते उलट असायला हवे.

आता त्या जाड कव्हरविषयी. रेक्झिन किंवा प्लास्टिकचे कव्हर बाहेरचे पाणी अडवते, पण खालच्या जमिनीतून वर येणारी वाफही तेच अडवते. ती ओल पत्रा आणि कव्हर यांच्यामध्ये कोंडते, दुपारी तापते, रात्री पुन्हा पाणी होऊन रंगावर बसते, आणि हे रोज घडत राहते. आमच्या ले-आऊटमध्ये एका शेजाऱ्यांच्या गडद निळ्या कारवर असेच कव्हर उन्हाळ्यापासून बांधलेले होते. ऑगस्टमध्ये ते काढले तेव्हा मी तिथे होतो. टपावर कव्हरच्या सुरकुत्या जशाच्या तशा पांढुरक्या रेघांनी उमटल्या होत्या, आणि बॉनेटच्या कडेला बोट फिरवले की रंगाखाली बारीक फोड हाताला लागत होते. पॉलिशने रेघा थोड्या फिक्या झाल्या. फोड मात्र पुन्हा रंग दिल्याशिवाय जाणारे नव्हते. दुसरे नुकसान वाऱ्याने होते. सैल कव्हर वावटळीत फडफडते आणि त्याखाली साचलेली धूळ पॉलिश पेपरसारखी रंगावर घासली जाते.

म्हणून शक्य असेल तर जाण्यापूर्वी लोखंडी पाइपांवर पत्र्याचे साधे शेड करून घ्यावे. चारही बाजू बंद करू नयेत. फक्त पश्चिमेकडे हिरवी शेडनेट सोडावी, कारण दुपारी दोन ते पाचचे तिरपे ऊन तिकडूनच येते. खांब काँक्रीटमध्ये पक्के रोवलेले असावेत आणि पत्रे नुसत्या तारेने न बांधता जे-हुकाने (वाकड्या टोकाच्या बोल्टने) कसलेले असावेत. मे महिन्यातील वादळात उडालेला पत्रा तुमच्याच नव्हे, शेजाऱ्यांच्याही गाडीवर जाऊन पडू शकतो. शेड परवडत नसेल तर ७५ ते ९० टक्के सावली देणारी शेडनेट गाडीच्या टपापासून दोन-तीन फूट वर ताणून बांधावी. तिच्यातून पाऊस खाली येईल, पण ऊन, पालापाचोळा आणि पक्ष्यांची घाण बऱ्याच अंशी अडेल. पक्ष्यांची घाण ही किरकोळ गोष्ट नाही: उन्हात क्लिअर कोट मऊ पडतो आणि रात्री थंड होताना त्या वाळलेल्या घाणीच्या आकाराभोवती आवळतो, त्यामुळे धुऊनही न जाणारा खोलगट डाग राहतो.

केवळ भिंतीच्या आडोशावर भिस्त ठेवायची असेल तर गाडी घराच्या पूर्वेला लावावी, म्हणजे दुपार कलल्यावर सावली मिळते. तरीही मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस याच सुमारास असतो, आणि त्या दिवसांत भर दुपारी कोणतीही भिंत उपयोगाची नसते.

कव्हर घ्यायचेच असेल तर हवा खेळती ठेवणारे, अनेक थरांच्या न विणलेल्या कापडाचे, आतून मऊ अस्तर असलेले आणि पोटाखालून पट्टे बांधता येतील असे घ्यावे. ते धुतलेल्या, पूर्ण कोरड्या आणि थंड गाडीवरच घालावे. पाऊस सुरू झाल्यावर उघडीप मिळेल तेव्हा ते काढून गाडीला वारा लागू द्यावा, आणि हे भाडेकरूंकडून होण्यासारखे नसेल तर जूनमध्ये ते काढूनच टाकायला सांगावे. गारपिटीसाठी वेगळा खर्च करू नये. घरातील जुनी वाकळ किंवा गादी टपावर, बॉनेटवर आणि पुढच्या काचेवर टाकून वरून दोरी बांधली तर पत्र्याला पोचे पडण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. मात्र गारा थांबल्यावर ती ओली वाकळ त्याच दिवशी काढायला हवी.

अंगणात झाड असेल तर थोडा जास्त विचार करावा. कडुनिंबाची सावली उन्हाळ्यात मोलाची असते, पण त्याची बारीक पाने पुढच्या काचेखालच्या काळ्या जाळीतून आत शिरतात. त्या जाळीखाली एक पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही टोकांना पाणी खाली जाण्यासाठी छिद्रे असतात. पाने, फुले आणि धूळ यांचा काळा लगदा तिथे साचला की छिद्रे बुजतात, पहिल्या मोठ्या पावसात पन्हळ भरते आणि पाणी एसीच्या पंख्याच्या वाटेने गाडीत उतरते. बाहेरून काहीच कळत नाही. गालिच्याखालचा फोम भिजून राहतो, कुबट वास येऊ लागतो आणि तिथून जाणाऱ्या वायरींचे जोड गंजतात. बॉनेट उघडून हा लगदा हाताने काढणे आणि वरून तांब्याभर पाणी ओतून ते चाकामागून खाली पडते की नाही हे पाहणे, एवढे काम जूनच्या पहिल्या आठवड्यात झालेच पाहिजे. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांतील नळ्यांचीही अशीच खात्री करावी. गुलमोहराखाली गाडी मुळीच लावू नये, त्याच्या फांद्या वाऱ्यात सहज मोडतात; वड-पिंपळाखाली पक्षी जास्त असतात.

जमीन कशी आहे ते तुम्ही लिहिलेले नाही. ती काळी माती असेल तर हा मुद्दा सर्वांत आधी हाती घ्यावा. काळी माती पाणी धरून ठेवते, पावसात लोण्यासारखी मऊ होते आणि उभ्या गाडीची चाके तिच्यात रुततात. शिवाय खालून सतत ओल मिळाल्याने गाडीचा तळ, सायलेन्सर आणि ब्रेकच्या नळ्या गंजतात. मुरूम टाकून, दाबून त्यावर पेव्हर ब्लॉक बसवून घ्यावेत, आणि गाडीखाली व आजूबाजूला गवत वाढू देऊ नये, कारण गवत आले की उंदीर येतात आणि मग बॉनेटखालच्या वायरी कुरतडल्या जातात. गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नये, पावसाळ्यात ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावाव्यात. टायरमध्ये दाराजवळच्या स्टिकरवरील आकड्यापेक्षा ३ ते ५ पीएसआय हवा जास्त भरावी.

नागपूरच्या घरांत एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष जात नाही, ती म्हणजे कूलर. खिडकीत बसवलेल्या कूलरमधून उडणारे थेंब आणि त्याच्या टाकीचे गळणारे पाणी गाडीवर पडते, उन्हात लगेच सुकते आणि क्षाराचे पांढरे ठिपके मागे ठेवते. बोअरचे पाणी असेल तर हे ठिपके काचेवर आणि रंगावर असे बसतात की साध्या धुण्याने निघत नाहीत. गाडीची जागा ठरवताना तुमच्या आणि भाडेकरूंच्याही कूलरची खिडकी पाहून ठेवावी.

भाडेकरू गाडी चालवणारे असतील तर त्यांना महत्त्वाची विनंती एकच करावी: दर पंधरा दिवसांनी गाडी काढून वर्धा रोडने जामठ्यापर्यंत जाऊन यावे आणि वाटेत दहा मिनिटे एसी लावावा. जागेवर पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवण्याची जी पद्धत आहे तिने फायदा होत नाही. इंजिन सुरू होताना बॅटरी जितकी खर्ची पडते तितकी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये तयार झालेले पाणी बाहेर न पडता आतच राहते. कोणी चालवणारे नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी. उष्णतेत बॅटरी आपोआप लवकर उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत दोन-तीन महिने राहिलेली बॅटरी बहुतेक वेळा चार्ज होऊनही पूर्वीसारखी टिकत नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, म्हणून पावसाळ्यात टाकी रिकामी न ठेवता भरलेली असावी, म्हणजे आत हवा कमी राहते. गाडीत परफ्यूमची बाटली, लायटर किंवा पॉवर बँक उन्हाळ्यात अजिबात राहू देऊ नये.

विम्याची मुदत तुमच्या गैरहजेरीत संपत असेल तर आधीच नूतनीकरण करावे. मुदत संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. केवळ थर्ड पार्टी विमा (तुमच्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीपुरता) असेल तर गारपीट, पडलेले झाड किंवा पूर यांची भरपाई मिळत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले तेव्हा घरांसमोर उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. तसे काही घडलेच तर गाडी कोणीही सुरू करू नये, असे भाडेकरूंना निक्षून सांगून ठेवावे: पाणी शिरलेले इंजिन फिरवले की कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो, आणि इंजिनासाठी वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर विमा कंपन्या तो खर्च सहसा देत नाहीत.

दिवाळीत परत आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. आधी बॉनेट उघडून उंदरांचे घरटे, कुरतडलेल्या वायरी आणि एअर फिल्टरची पेटी पाहा, तेल, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी तपासा, टायरच्या बाजूंना भेगा आहेत का ते बघा, आणि मगच काढून ठेवलेली निगेटिव्ह तार जोडा. सुरुवातीला ब्रेक लावताना खरखर ऐकू येईल. डिस्कवर चढलेला तो वरवरचा गंज असतो आणि काही वेळा ब्रेक लावल्यावर निघून जातो. पण पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर गल्लीच्या बाहेर न जाता गाडी तिथेच उभी करून मेकॅनिकला घरी बोलवा.