मधुमेह आहे, पण एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९६ म्हणजे नॉर्मल. तरी डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली, घ्यावी का?

नॉर्मल कोणी ठरवलं? आमचं घर नेमकं तिथेच फसलं.

अण्णांना पंधरा वर्षांची शुगर. २०१६ चा रिपोर्ट: एकूण कोलेस्टेरॉल १८८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३१०, एलडीएल ९५. दादाने निळ्या पेनाने ९५ भोवती गोल काढला, शेजारी बरोबरची खूण केली. "गोळी बंद. घाण्याचं करडईचं तेल आणतो." मी विचारलं, ३१० चं काय? "ते खाण्यावर असतं." आईने तुपाची बरणी फडताळात वर ठेवली. अण्णा वरणभात कोरडा खायला लागले आणि त्याची भरपाई चहात बुडवलेल्या टोस्टांवर, चार-चार! ट्रायग्लिसराइड त्या मैदा-साखरेनेही चढतात, पण धाकट्याचं ऐकतो कोण.

दीड वर्षात अँजिओप्लास्टी झाली.

शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की यकृत ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात जास्त सोडतं. त्यापायी एचडीएल उतरतं आणि एलडीएलचे कण बारीक, दाट होतात. कण बारीक, म्हणजे त्याच ९५ मध्ये ते संख्येने जास्त. शिवाय ते ९५ मोजलेलं नव्हतंच! बऱ्याच लॅब एकूणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करतात: १८८ वजा ३१ वजा ६२. ट्रायग्लिसराइड चढले की हा हिशेब डळमळतो, ४०० च्या वर तर करूच नये. त्यापेक्षा एकूणातून नुसतं एचडीएल वजा करा. अण्णांचं आलं १५७, हवं होतं १३० च्या आत. दादा बी.कॉम. आहे, ही वजाबाकी त्याला जड नव्हती.

२००४ च्या कार्ड्स नावाच्या औषध-चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या, एलडीएल फार न वाढलेल्या लोकांना ॲटोर्वास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी रोज १० मिलिग्रॅम दिली होती. हार्ट ॲटॅक, पक्षाघात वगैरे मोठे झटके ३७ टक्क्यांनी घटले. तेव्हा मी तर म्हणेन, घ्या.

गोळीने शुगर वाढते असं दादा म्हणायचा; किंचित वाढू शकते, एवढं त्याचं खरं होतं. फायदा त्याहून मोठा. अंग फार दुखलं तर डॉक्टरांना सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. आणि हो, मी डॉक्टर नाही, तुम्ही वय आणि किडनीचंही काही लिहिलेलं नाही.

तो रिपोर्ट मी फाइलला जपून ठेवलाय, निळ्या खुणेसकट. दादा अजून म्हणतो, घाणेवाल्याने तेलात भेसळ केली होती.