‘मागे किती?’ विचारताना काय ऐकायचं

या अंकातले प्रश्न टेक्सस होल्डेमच्या, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं असणाऱ्या पोकरच्या, स्पर्धांत टेबलावर चालणाऱ्या बोलण्याविषयी आहेत. डाव चालू असताना समोरच्याला बोलतं करून त्याच्या पानांचा अंदाज घेणं, आणि स्वतःचा अंदाज त्याला लागू न देणं, असा हा विषय आहे.

प्रश्न : मी चार वर्षं ॲपवर खेळलो. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाल्यापासून गोव्याला जाऊन स्पर्धा खेळतो. तिथले जुने खेळाडू बोलता बोलता माणूस ओळखतात. मला काय विचारावं हेच सुचत नाही. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, पुणे

उत्तर : पहिल्या दोन लेव्हल, म्हणजे स्पर्धेचे पहिले दोन टप्पे, काहीही विचारू नका. आधी ऐकायला शिका. ॲपवर तुम्ही बेटचा (लावलेल्या चिप्सचा) आकार आणि घेतलेला वेळ वाचत होतात. इथे त्यात आवाजाची भर पडते, पण तो माणूस एरवी कसा बोलतो हे माहीत असेल तरच त्या आवाजाला अर्थ येतो. चहा मागवताना किंवा डीलरशी गप्पा मारताना त्याचा वेग आणि आवाजाची पट्टी लक्षात ठेवा. त्याहून महत्त्वाचे असतात ते शेवटी पानं उघडी होणारे डाव. तुम्ही त्या डावात नसलात तरी मोबाईल खाली ठेवून बघा. पानं दिसली की लगेच मागे जाऊन आठवा: हा माणूस बेट करताना काय म्हणाला होता, की गप्प होता? एकाच माणसाचे असे तीन-चार डाव जमले की तुमच्याकडे काहीतरी आहे असं म्हणता येईल. एका डावावरून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा महागात पडतो.

मग विचारायचं काय? साधी, नियमात बसणारी गोष्ट विचारा. ‘मागे किती आहेत?’ हा उत्तम प्रश्न आहे, कारण समोरच्याच्या स्टॅकचा, म्हणजे त्याच्याकडे उरलेल्या चिप्सचा, ढोबळ अंदाज मिळणं हा तुमचा हक्कच आहे. उत्तरातला आकडा महत्त्वाचा नाही, तो कसा सांगितला जातो ते ऐकायचं असतं. रिव्हरवर (टेबलावरचं शेवटचं पान आल्यावर) मोठी बेट लावून बसलेल्या माणसाची पानं भक्कम असतील तर तो बहुधा सैल असतो. पूर्ण वाक्यात बोलतो, चिप्स हलवून दाखवतो, वर तुम्हालाच काहीतरी विचारतो. ब्लफ करणाऱ्याला (कच्च्या पानांवर मोठी बेट लावणाऱ्याला) वाटतं की तोंडून निघालेला एखादा शब्द कॉल ओढवून घेईल, म्हणजे समोरचा तेवढ्याच चिप्स घालून पानं बघायला मागेल. त्यामुळे तो आखडतो आणि उत्तर एका शब्दात संपवतो. म्हणूनच मोठी बेट लावल्यावर कोणी मोकळेपणाने ‘माझं फार काही नाही हो’ म्हणाला, तर सावध राहा. ब्लफ करणारा माणूस स्वतःची पानं सहसा अशी हलकी करून सांगत नाही.

इथे बरेच जण एक चूक करतात. हा नियम बेट लागल्यानंतरचा आहे. पानं नुकतीच वाटलेली असतात तेव्हा चित्र बरेचदा उलटं असतं. एक्क्यांची जोडी हातात आलेला माणूस गप्पांमधून अंग काढून घेतो, कारण त्याला कोणाचं लक्ष नको असतं. ज्याच्याकडे फोल्ड करायची, म्हणजे टाकून द्यायची, पानं आहेत त्याची बडबड चालूच राहते. डावाचा टप्पा न बघता ‘बोलतोय म्हणजे भक्कम’ असं धरलंत तर निम्मे डाव उलटे वाचाल.

या सगळ्याला वजन किती द्यायचं? समजा पॉट (मधे जमलेल्या चिप्स) 12,000 चा आहे आणि समोरच्याने 8,000 लावले. तुम्ही 8,000 घालून एकूण 28,000 च्या पॉटसाठी खेळताय, म्हणजे कॉल परवडायला साधारण 28.6 टक्के वेळा जिंकायला हवं. बेटिंगवरून तुमचा अंदाज 26 टक्क्यांचा असेल तर आखडलेला आवाज तुम्हाला कॉलकडे ढकलू शकतो. अंदाज 10 टक्क्यांचा असेल तर तो कसाही बोलो, पानं टाका. बोलण्यातून काठावरचा निर्णय इकडचा तिकडे होतो, त्यापलीकडे त्याचा आधार घेऊ नये. बबलवर, म्हणजे बक्षिसं सुरू व्हायच्या अगदी आधी, तर 28.6 टक्केही पुरत नाहीत. तिथे गमावलेल्या चिप्सची किंमत तेवढ्याच कमावलेल्या चिप्सपेक्षा जास्त असते, आणि बक्षिसाच्या तोंडाशी बाहेर पडायचा धोका वेगळा.

प्रश्न : 1998 च्या पोकर वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या डावात स्कॉटी न्गुयेनने बोलून समोरच्याकडून कॉल काढला असं सांगतात. ते खरंच बोलण्यामुळे झालं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : त्या डावात टेबलावर तीन अठ्ठ्या आणि दोन नव्व्या उघड्या होत्या, म्हणजे फुल हाऊस सगळ्यांसमोरच पडलेलं. न्गुयेनकडे गुलाम आणि नव्वी होती, त्यामुळे त्याचं फुल हाऊस मोठं, तीन नव्व्यांचं. केव्हिन मॅकब्राइडकडे राणी आणि दश्शी होती. त्याची पानं टेबलावरच्या पाचांत काहीच भर घालत नव्हती. न्गुयेनने ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, आणि वर ऐकवलं की तू कॉल केलास की सगळं संपलं. मॅकब्राइडने टेबलावरचीच पानं खेळतो असं म्हणत कॉल केला, आणि ते खरंच संपलं.

मॅकब्राइडच्या जागी बसून बघा. कॉल करून त्याला पूर्ण पॉट मिळण्याची शक्यताच नव्हती. फार तर न्गुयेनकडेही काही नसेल तर पॉट अर्धा अर्धा होईल. अठ्ठी, नव्वी किंवा नव्व्यांहून मोठी कोणतीही जोडी समोर असली तर हार. मिळकत एवढी छोटी आणि जोखीम सगळ्या स्टॅकची, अशा जागी पानं टाकणंच शहाणपणाचं होतं. न्गुयेनच्या वाक्यात स्वतःच्या पानांबद्दल एक अक्षर नव्हतं. त्याने समोरच्यापुढचा प्रश्नच बदलला. ‘मी पुढे आहे का’ याऐवजी ‘हे आता संपवू का’ असा प्रश्न उभा राहिला. कित्येक तास ताणाखाली बसलेल्या माणसाला दुसरा प्रश्न फार ओढतो. आमच्या मते बोलण्याने कॉल निघाला तो याच अर्थाने, आणि निर्णयही ताण टोकाला गेलेल्या जागी होता म्हणून.

2006 मध्ये याच स्पर्धेत 8,773 खेळाडूंतून पहिला येऊन 1 कोटी 20 लाख डॉलर जिंकणाऱ्या जेमी गोल्डची पद्धत निराळी होती. तो पानांबद्दल बोलायचाच, आणि पुष्कळदा खरं बोलायचा. समोरचा ते खोटं समजे. ही पद्धत आज उचलू नका. कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : तिघे डावात होतो, एक जण ऑल-इन. मी उरलेल्याला म्हणालो, ‘आपण दोघं चेक करत जाऊ (काही न लावता पुढे जाऊ), याला बाहेर काढू.’ फ्लोअरने, म्हणजे स्पर्धेच्या पंचाने, मला एक फेरी बाहेर बसवलं. घरच्या डावात आम्ही हे नेहमी करतो. माझं चुकलं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : हो, चुकलं. दोघांनी न बोलता चेक करत जाणं वेगळं. तोंडाने ठरवलंत की ती तिसऱ्याविरुद्धची हातमिळवणी होते. बहुतेक मोठ्या स्पर्धा टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचे, म्हणजे टीडीएचे, नियम पाळतात. त्यांत डाव चालू असताना चालू किंवा टाकलेल्या पानांबद्दल बोलणं, सल्ला देणं, कोणाच्या खेळावर टीका करणं, हे डावात असलेल्या आणि नसलेल्या सगळ्यांनाच मना आहे. ‘मी फ्लशची पानं टाकली’ हे पानं टाकलेल्या माणसाचं हळहळणंसुद्धा यातच येतं. दोघेच डावात उरले असतील तर काही ठिकाणी थोडी मोकळीक देतात. ती किती, हे पत्ते वाटायच्या आधी फ्लोअरला विचारून घ्या.

शिक्षा चिप्समध्ये मोजून बघा. 9 जणांच्या टेबलावर एक फेरी म्हणजे 9 डाव. पानं बघण्याआधी सक्तीने भरायचे ब्लाइंड 1,000 आणि 2,000, वर मोठ्या ब्लाइंडसोबत भरायची 2,000 अँटी, असे 5,000 तुम्ही बाहेर उभे असताना जातात. 40,000 च्या स्टॅकचा तो आठवा भाग आहे.

आणखी एक. तुमची पाळी असताना ‘कॉल’, ‘रेज’ (बेट वाढवणं), ‘ऑल-इन’ हे शब्द उच्चारले की बांधील होता. ‘कॉल करू का रे?’ असं समोरच्याला छेडायला गेलात आणि डीलरने फक्त ‘कॉल’ ऐकलं, तर वाद तुमच्याच अंगाशी येईल. ‘तू बेट केलीस तर मी रेज करणार’ अशी जर-तरची वाक्यंही टाळा. डायरेक्टरला वाटलं तर तो ती बांधील धरू शकतो किंवा शिक्षा देऊ शकतो. छेडायचंच असेल तर हे शब्द वगळून छेडा.

प्रश्न : शेजारी कोल्हापूरचाच मित्र बसला तर टेबलावर मराठीत बोललं तर चालतं का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टीडीएच्या नियमात अमेरिकेबाहेर इंग्रजी किंवा स्थानिक भाषा चालते, आणि आयोजक आणखी भाषा जाहीर करू शकतात. तेव्हा स्पर्धेने काय जाहीर केलंय ते आधी बघा. डाव चालू असताना मात्र टेबलावरच्या सगळ्यांना कळेल त्याच भाषेत बोला. तुम्ही दोघं जेवणाबद्दल बोलत असाल, पण दिल्लीहून आलेल्या खेळाडूला ते कसं कळणार? त्याचा संशय रास्त आहे.

प्रश्न : समोरचा सतत बोलून माझं डोकं फिरवतो. गप्प बसलो तरी माझ्या चेहऱ्यावरून ओळखतो असं वाटतं. – एक वाचक, पणजी

उत्तर : गप्प बसायचं असेल तर प्रत्येक मोठ्या डावात गप्प बसा. भक्कम पानांवर हसून उत्तर देणारे आणि ब्लफवर दगड होणारे खेळाडू स्वतःच माहिती वाटत असतात. चिप्स पुढे सरकवल्या की नजर एका ठरलेल्या जागी, उदाहरणार्थ फ्लॉपच्या (टेबलावरच्या पहिल्या तीन पानांच्या) मधल्या पानावर, ठेवा. हात टेबलावर, श्वास सावकाश, आणि डाव संपेपर्यंत ओठ मिटलेले. त्याचा प्रश्न स्टॅकबद्दल असेल तर चिप्स मोकळ्या करून दाखवा, बोलू नका. मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे आणि दिसतील अशा ठेवल्या की मोजायला तोंड लागत नाही.

तो बोलण्यात वेळच काढत असेल तर रास्त वाट पाहून फ्लोअरला बोलवा आणि घड्याळ लावायला सांगा. टीडीएप्रमाणे त्याला 25 सेकंद मिळतात आणि वर 5 सेकंदांची उलटी मोजणी. काही स्पर्धांत आता दर निर्णयाला 30 सेकंदांचं घड्याळ मुळातच असतं, तिथे हा प्रश्न उरत नाही. 2016 च्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत विल्यम कासूफला अखंड बोलण्यावरून शिक्षा झाली होती. त्याच्या बोलण्याने वैतागलेला ग्रिफिन बेंजर त्याला चढ्या आवाजात उत्तर देत होता, पण ज्या डावात कासूफ 17 वा येऊन बाहेर पडला त्यात बेंजरकडे एक्क्यांची जोडी होती आणि कासूफकडे राजांची. त्या दोन जोड्या समोरासमोर आल्यावर कोण काय बोललं याने फरक पडला नाही. तुमच्या डावातही तो बोलायला लागला की आधी पॉट आणि बेट मोजा, टक्के काढा, आणि ते झाल्यावरच त्याच्याकडे बघा.